खेळाच्या पोटातले इंजिन

गेम इंजिन म्हणजे खेळ नव्हे. खेळ ज्याच्या जोरावर चालतो तो भाग. पडद्यावर चित्र काढणे, कळा आणि माउस यांच्याकडे लक्ष ठेवणे, आवाज वाजवणे, वस्तू एकमेकींवर आदळल्या की नाही ते ठरवणे आणि हे सगळे सेकंदाला साठ वेळा न चुकता करणे, ही त्याची कामे. कोणता राक्षस कुठे उभा आहे, तो किती गोळ्यांनी मरतो, मरताना कसा ओरडतो, याच्याशी इंजिनाला देणेघेणे नसते. ही फारकत रूढ केली १९९३ च्या डिसेंबरात आलेल्या ‘डूम’ने. जॉन कारमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोग्राम एकीकडे ठेवला आणि नकाशे, चित्रे, आवाज ‘वॅड’ नावाच्या फाइलीत दुसरीकडे. मूळ प्रोग्रामला हात न लावता लोक स्वतःचे नकाशे बनवू लागले आणि ‘इंजिन’ हा शब्द साधारण त्याच सुमारास तोंडी रुळला.

विद्यार्थ्यांना इंजिन लिहिण्याचा नाद नवा नाही. अमेरिकेतल्या केन सिल्व्हरमनने अगदी तरुण वयात ‘बिल्ड’ हे इंजिन लिहिले आणि १९९६ मध्ये त्याच्यावर ‘ड्यूक न्यूकेम थ्रीडी’ हा गाजलेला खेळ उभा राहिला. पण तेव्हा तयार इंजिने हाताशी नव्हती; लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज ‘अनरिअल’ आहे, ‘युनिटी’ आहे. हुआन लिनिएत्स्की आणि एरिएल मान्झूर या अर्जेंटिनातल्या दोघांनी २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले ‘गोदो’ तर फुकट मिळते. बेकेटच्या नाटकात शेवटपर्यंत न येणाऱ्या गोदोचे नाव त्यांनी इंजिनाला दिले, यातच या धंद्याचे सार आले. तेव्हा कॉलेजातल्या मुलाने शून्यापासून इंजिन लिहायला घेणे हा व्यवहाराच्या हिशेबाने वेडेपणाच. खेळ करायचा असेल तर इंजिन लिहू नये, हा जुना सल्ला बरोबरच आहे. इंजिन लिहायचे ते आत काय चालते ते कळावे म्हणून. आणखी एक कारण मुलाखतीत कुणी सांगत नाही: आठ जीबी रॅमच्या, वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर अनरिअल उघडेपर्यंत चहा पिऊन होतो.

पुण्याकडच्या संगणक शाखेच्या मुलाची ग्राफिक्सशी पहिली गाठ दुसऱ्या वर्षी पडते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ हा विषय एसईला असतो. ब्रेसनहॅमची रेषा काढायची, बहुभुज रंगवायचा, जर्नलवर सही घ्यायची, ओरलला ‘डीडीए आणि ब्रेसनहॅम यांतला फरक’ सांगायचा, की विषय संपला. जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये आयबीएममध्ये असताना ही रीत बसवली. अपूर्णांकांना न शिवता, निव्वळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर तिरकी रेषा काढण्याची ती युक्ती. सबमिशन झाले की वर्ग ती विसरतो. एखाद्याला मात्र काढलेली रेषा हलवून पाहाविशी वाटते. पुसायची, एक पिक्सेल पुढे काढायची, परत पुसायची. रेषा लुकलुकते. का लुकलुकते याचा शोध घेताना ‘डबल बफरिंग’ सापडते: एक चित्र लोकांपुढे असताना दुसरे पडद्यामागे पुरे करायचे आणि मग दोघांची अदलाबदल करायची. इंजिनाची सुरुवात बहुतेकांची अशीच होते, एका लुकलुकणाऱ्या रेषेपासून.

पुण्यातल्या टीईच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, एका मुलाने किल्ला चढण्याचा खेळ करायचे ठरवले आणि त्यासाठी सी++ मध्ये स्वतःचे इंजिन लिहायला घेतले. खिडकी उघडण्यासाठी ‘एसडीएल’ ही १९९८ पासूनची लायब्ररी आणि चित्रासाठी ‘ओपनजीएल’. २०१६ मध्ये आलेले ‘व्हल्कन’ अधिक नवे, पण त्यात पहिला त्रिकोण दिसायलाच हजारेक ओळी लागतात. ओपनजीएलमध्ये ओळी कमी. तरी पहिले काही दिवस पडदा काळाच राहिला. या कामातला काळा पडदा तापासारखा असतो: लक्षण एकच, कारणे पन्नास. शेडर, म्हणजे कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम, कंपाइल झाला नसेल, त्रिकोणाचे कोपरे उलट्या क्रमाने दिल्यामुळे कार्डाने त्याची पाठ समजून तो गाळला असेल, कॅमेरा भलतीकडे पाहत असेल. कार्ड आपणहून तक्रार करत नाही. मुरलेले लोक पार्श्वभूमी कधीच काळी ठेवत नाहीत. भडक गुलाबी ठेवतात, म्हणजे काळा त्रिकोण निघाला तरी निदान दिसतो. एवढी साधी गोष्ट पुस्तकात शोधून सापडत नाही.

त्रिकोण दिसला की मुलाला वाटते, अवघड भाग सरला. अवघड भाग असतो वेळेचा. इंजिनाच्या पोटात एक न थांबणारे चक्र असते: कळा वाच, जग पुढे ढकल, चित्र काढ. साठ चित्रांच्या हिशेबाने प्रत्येक फेरीला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. पहिल्या मसुद्यात गडी दर फेरीला पाच पिक्सेल पुढे सरकत होता. स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक. मित्राच्या १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तोच गडी जवळजवळ अडीचपट वेगाने पळत सुटला. उपाय सर्वांना ठाऊक असतो: मागच्या फेरीपासून किती वेळ गेला ते मोजायचे आणि वेगाला त्याने गुणायचे. हा उपाय अर्धाच आहे. कड्यावरून सुटलेला दगड सेकंदाला १,२०० पिक्सेल वेगाने खाली येतो, म्हणजे फेरीमागे २० पिक्सेल. दगड ८ पिक्सेलचा, जमिनीची पट्टी १० पिक्सेलची. दोघांची गाठ पडण्याची जागा जेमतेम १८. एका फेरीत दगड पट्टीच्या वर असतो आणि पुढच्या फेरीत खाली. मधल्या मध्ये आदळण्याची वेळ येतच नाही. दहातला एखादा दगड जमिनीतून आरपार जातो, आणि मागे अँटिव्हायरस चालू झाला की जास्त जातात. दोष कधी दिसतो, कधी नाही. सरांना दाखवायला गेले की हमखास नाही.

यावरची सर्वमान्य तोड ग्लेन फिडलर यांनी २००४ मध्ये एका लेखात नीट मांडली. गेलेला वेळ गल्ल्यात टाकत जायचा आणि त्यातून नेहमी ठरावीक रकमेनेच, समजा सेकंदाच्या एकशेविसाव्या भागाने, खर्च करायचा. उरलेली मोड पुढच्या फेरीसाठी शिल्लक. चित्र कितीही वेगाने वा संथ निघो, जगाचे पाऊल मात्र एकाच मापाचे पडते. यातही मेख आहे. यंत्र कमजोर असेल आणि एक पाऊल टाकायलाच पावलाच्या मापापेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर गल्ला भरतच जातो, पावले वाढतात, त्यांना आणखी वेळ लागतो. कर्ज फेडायला कर्ज काढावे तसे होऊन खेळ गोठतो. म्हणून एका फेरीत किती पावले टाकायची याला मर्यादा घालावी लागते. अतिवेगवान वस्तूंसाठी दोन पावलांमधली सगळी वाट तपासावी लागते, ते वेगळेच.

वेळेच्या प्रकरणातली सर्वांत लहान आणि सर्वांत शिकवणारी दुरुस्ती दोन ओळींची आहे. प्रत्येक पावलाला वस्तूची जागा वेगाने बदलते आणि वेग त्वरणाने. आधी जागा बदलून मग वेग बदलला, तर सूर्याभोवती फिरवलेला ग्रह हळूहळू बाहेर सरकत निघून जातो. कुठून तरी फुकटची ऊर्जा येत राहते. त्याच दोन ओळींची अदलाबदल केली, आधी वेग आणि मग जागा, की ग्रह आपली कक्षा धरून राहतो. गणिताच्या तासाला ऑयलरची रीत सोडवलेल्या मुलाने तिचा हा स्वभाव कधी पाहिलेला नसतो, कारण वहीत चार पायऱ्यांच्या पुढे कुणी जात नाही.

वेळ ज्यात साठवायची तो आकडाही विश्वासाचा नसतो. ३२ बिटांच्या दशांश संख्येत नेमकेपणासाठी २४ बिट असतात. त्यामुळे १,६७,७७,२१६ मध्ये एक मिळवला तर उत्तर तेच राहते. खेळ सुरू झाल्यापासूनचे सेकंद अशा संख्येत ठेवले, तर सुमारे छत्तीस तासांनी ती दोन शेजारच्या क्षणांत सेकंदाच्या चौसष्टाव्या भागाहून बारीक फरक करू शकत नाही. म्हणजे जवळजवळ एक अख्खे चित्र. लॅबमध्ये कुणी छत्तीस तास खेळत नाही, म्हणून चूक सापडत नाही. याच जातीच्या चुकीची किंमत फेब्रुवारी १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या धाहरान इथे मोजली गेली. पेट्रियट क्षेपणास्त्राची यंत्रणा सलग शंभर तास चालू होती, तिचे घड्याळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे चुकले होते, त्यामुळे येणारे क्षेपणास्त्र तिला अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत पुरता लिहिता येत नाही, एवढेच मूळ कारण. इंजिनात वेळ पूर्णांकात, मायक्रोसेकंदांत मोजावी, हा धडा त्या मुलाने गेमच्या नव्हे तर या प्रकरणाच्या अहवालातून घेतला.

त्रिमितीचे गणित त्यामानाने लवकर उरकते. मॅट्रिक्स अकरावी-बारावीपासून परिचयाच्या असतात. फिरवण्यासाठी तीन कोन वापरले की एका विशिष्ट स्थितीत दोन अक्ष एकच होऊन बसतात आणि कॅमेरा अडकतो. तेव्हा ‘क्वाटर्निअन’ या चार आकड्यांच्या गणिताकडे वळावे लागते. हॅमिल्टन यांना त्याचे सूत्र १८४३ मध्ये डब्लिनमधल्या एका पुलाजवळ चालताना सुचले आणि ग्राफिक्सच्या लोकांना १९८५ मध्ये केन शूमेक यांनी ते वापरायला लावले. आडव्या-उभ्या पेट्यांची टक्कर ओळखणे सोपे. खाचा नसलेल्या (बहिर्वक्र) इतर आकारांसाठी ‘जीजेके’ ही रीत आहे. तिच्यातले शेवटचे ‘के’ म्हणजे कीर्ती. गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती या तिघांनी १९८८ मध्ये यंत्रमानवांच्या कामासाठी ती मांडली. कड्याचे दगड गोलच ठेवल्यामुळे या मुलाला तिची गरज पडली नाही. आवाजाचीही तयार लायब्ररी जोडून भागले.

वस्तूंच्या मांडणीने मात्र अर्धे सेमिस्टर खाल्ले. ऑब्जेक्ट ओरिएंटेडच्या तासाला वारसा शिकवतात तो आकार-वर्तुळ-चौकोनाच्या उदाहरणाने, आणि पहिले इंजिन हमखास तसेच बांधले जाते. सर्वांत वर ‘वस्तू’, तिच्याखाली ‘हलणारी वस्तू’, तिच्याखाली ‘प्राणी’, मग एका फांदीवर ‘उडणारा प्राणी’, दुसरीवर ‘पोहणारा प्राणी’. किल्ल्याच्या तळ्यात बदक सोडायची वेळ आली आणि बदक उडतेही, पोहतेही. दोन्ही फांद्यांचा वारसा घेतला तर ‘प्राणी’ दोनदा येतो. झाड उपटून परत लावले तरी पुढचे जनावर ते मोडतेच.

दुसरी अडचण वेगाची. पावसाचे दहा हजार थेंब, प्रत्येक ‘न्यू’ने वेगळा बनवलेला, स्मृतीत जिथे जागा मिळेल तिथे पडलेला. प्रोसेसर मुख्य स्मृतीतून एक बाइट आणत नाही. ६४ बाइटांचा गठ्ठाच आणतो आणि जवळच्या कॅशमध्ये ठेवतो. जवळचे हवे असेल तर घड्याळाच्या चारपाच ठोक्यांत मिळते, मुख्य स्मृतीपर्यंत जावे लागले तर दोनशेच्या आसपास ठोके जातात. विखुरलेल्या थेंबांच्या बाबतीत प्रत्येकासाठी वेगळी खेप. मीठ आणायला एकदा, साखर आणायला एकदा, असा वाण्याकडे दहा हजार वेळा जाणारा माणूस आळशी नसतो, तरी त्याचा स्वयंपाक होत नाही. थेंबांच्या सगळ्या जागा एका सलग रांगेत आणि सगळे वेग दुसऱ्या रांगेत ठेवले, तेव्हा तोच हिशेब त्याच लॅपटॉपवर डोळ्यांना दिसेल इतका हलका झाला. गुंतागुंत तीच, बिग-ओ तोच. परीक्षेत दोन्ही उत्तरांना सारखेच गुण पडले असते. माइक ऍक्टन यांनी २०१४ च्या ‘सीपीपीकॉन’ या सी++ परिषदेतल्या भाषणात हाच मुद्दा तावातावाने मांडला होता.

दोन्ही दुखण्यांवर एकच औषध निघाले. वस्तू म्हणजे नुसता क्रमांक. जागा, वेग, चित्र, पोहता येणे, उडता येणे या वेगवेगळ्या तक्त्यांमधल्या नोंदी. बदकाच्या क्रमांकापुढे दोन्ही तक्त्यांत नोंद केली की झाले. ‘ज्यांना जागा आणि वेग दोन्ही आहेत त्यांना पुढे सरकव’ असे म्हणणारी छोटी छोटी कामे त्यावर चालतात. याला ‘एंटिटी कंपोनंट सिस्टिम’ म्हणतात. स्कॉट बिलास यांनी ‘डन्जन सीज’ या खेळातली अशी मांडणी २००२ मध्येच सांगितली होती. मुलाच्या लक्षात आले ते वेगळेच: क्रमांक म्हणजे प्रायमरी की, तक्ते म्हणजे टेबले, कामे म्हणजे क्वेरी. कंटाळवाणा म्हणून मागच्या बाकावर झोपून काढलेला डीबीएमएस इंजिनाच्या मधोमध येऊन बसला होता.

अक्षरे शेवटी. अक्षरे नेहमी शेवटीच राहतात आणि हीच चूक होते. इंग्रजीसाठी काम खरोखर तासाभराचे आहे: छापता येणारी ९५ चिन्हे एका चित्रात ओळीने मांडायची आणि लागेल तसा तुकडा उचलून पडद्यावर चिकटवायचा. खेळ मराठीत होता, म्हणून पहिल्या पडद्यावर ‘किल्ला’ लिहायचे ठरले. आले अठरा रिकामे चौकोन. वाचणाऱ्याला किल्ला दोन अक्षरांचा; यूटीएफ-८ मध्ये त्याचे अठरा बाइट होतात आणि प्रोग्राम प्रत्येक बाइटला एक अक्षर समजत होता. ते सुधारल्यावर सहा आकृत्या आल्या: क, वेलांटी, ल, हलन्त, पुन्हा ल, काना. साठवताना वेलांटी ‘क’च्या नंतर असते, काढताना ती त्याच्या आधी यावी लागते. इथे ती नंतरच आली आणि पुढच्या ‘ल’ला जाऊन बिलगली, पडद्यावर ‘कलि’सारखे काहीतरी, मागे पाय मोडलेला हलन्त. ‘दुर्ग’ लिहून पाहिला तर रफार ‘ग’च्या डोक्यावर चढायला तयार नाही.

हे नियम स्वतः लिहिण्याचा प्रयत्न आठवडाभर झाला. वेलांटी मागे घेणे जमले; ‘स्थि’मध्ये ती दोन व्यंजनांच्या मागे जायला हवी हे कळल्यावर नियम फुगू लागले. शेवटी ‘हार्फबझ’ ही लायब्ररी जोडली. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज़’ म्हणजे खुले. ‘ओपनटाइप’ या फॉन्ट-पद्धतीच्या नावाचेच ते भाषांतर. हार्फबझला अक्षरांची माळ आणि फॉन्ट दिला की कोणती आकृती कुठे ठेवायची याची यादी ते परत देते. प्रत्यक्ष आकृती काढण्याचे काम ‘फ्रीटाइप’चे. भाषा मराठी आहे हेही सांगावे लागते, कारण ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत आणि चांगल्या फॉन्टात त्यांची सोय असते. जोडाक्षरांच्या आकृत्या शेकड्यांनी असल्यामुळे सगळ्या आधी मांडून ठेवता येत नाहीत. लागेल ती आकृती लागेल तेव्हा काढून ठेवायची. मुरलेल्या गोदोमध्येही ही जुळणी २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत आली, तेव्हा विद्यार्थ्याला कमीपणा वाटायचे कारण नाही.

एक चूक त्यानंतरही राहिली होती. कड्याच्या टोकावरच्या पाटीवर ‘समोर खोल दऱ्या’ असा इशारा होता. पडद्यावर ‘समोर खोल दर्या’ दिसे. सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्र. फॉन्ट बदलला, हार्फबझ पुन्हा जोडले, काही फरक नाही. ‘ऱ्या’ लिहिण्याच्या दोन रीती आहेत: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त द्यायचा, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ठेवायचे. मजकुराच्या फाइलीत दुसरी रीत होती. आणि फाइल वाचणाऱ्या भागात, पहिल्या महिन्यात कधीतरी, न दिसणारी सगळी चिन्हे कचरा म्हणून गाळणारी एक ओळ त्यानेच लिहिली होती. ती ओळ काढली आणि समुद्र ओसरला.

वर्षाअखेर इंजिन पूर्ण झाले नाही. ती होत नाहीत. एक गडी, एक कडा, बारा दगड, पाऊस, एक बदक आणि मराठी पाट्या, एवढा खेळ चालत होता. रिव्ह्यूला आलेल्या परीक्षकांनी ‘युनिटीत का नाही केले’ असे विचारले. नोकरीच्या मुलाखतीत गेमबद्दल प्रश्नच आला नाही. कॅशबद्दल मात्र अर्धा तास बोलणे झाले.

इंजिन लिहायला बसणाऱ्या मराठी मुलामुलींना एक विनंती आहे. पहिल्या दिवशी चाचणीसाठी ‘हॅलो वर्ल्ड’ लिहू नका. ‘किल्ल्याच्या दऱ्या’ लिहा, दोन्ही रीतींनी.